नो डिस्क

स्क्रू सात. आठव्याच्या जागी भोक,
भोकात मुंग्यांनी आणून ठेवलेला साखरेचा कण.
झाकण उचललं तर आत धनकवडीची सतरा वर्षांची धूळ,
मैद्यासारखी मऊ.

हे म्हणाले, भंगारवाल्याला दे.
मी म्हटलं, आधी बघते.
"तू काय बघणार?" असं ते म्हणाले नाहीत,
पेपरचं पान फक्त जरा जोरात उलटलं.

ह्यांना माहीत आहे, पण आठवत नाही,
लग्नाआधी चार वर्षं मी भोसरीला
टेलिफोनच्या पाट्या सोल्डर करत होते.
दिवसाला बावन्न रुपये,
शेजारच्या स्टुलावर झुलेखा पिंजारी,
पाठीमागे लोबो सर आणि त्यांचं एकच वाक्य:
टाका चमकला पाहिजे. मळका टाका म्हणजे खोटा टाका.

तर.
दिवा लागतो. ट्रे घर्र करतो, बोटभर बाहेर येतो,
खोली न आवडलेल्या भाडेकरूसारखा परत जातो.
काचेवर निळी अक्षरं: नो डिस्क.
म्हणजे फ्यूज शाबूत. फ्यूज गेला असता
तर एवढंही बोलला नसता.
ट्रेचा रबरी पट्टा सैल पडलेला
आणि पॉवरच्या पाटीवर एक कपॅसिटर
डोक्याला टम्म फुगलेला.

तापकीर गल्लीतला पोरगा म्हणाला,
हजार मायक्रोफॅरॅड, सोळा व्होल्ट? काकू, कशाला?
म्हटलं, लावायला.
सहा रुपये. सुट्टे नव्हते, म्हणून दोन घेतले.
पट्टा मात्र नाही. "ते आता कुणी ठेवत नाही."
घरी येऊन जुनाच उकळत्या पाण्यात टाकला,
चहाच्या भांड्यात, चहाच्या आधी. आखडला.
माणसं अशी गरम पाण्यानं आखडत नाहीत, असं मनात आलं,
आणि लगेच, आखडतात की.

सोल्डरिंगची कांडी वरच्या मजल्यावरच्या ओंकारची, कॉलेजची.
वाटलं होतं, हात थरथरेल.
राळेचा धूर नाकात गेला
आणि मी तेवीस वर्षांची, डब्यात शेपू,
साडेपाचची बस चुकणार म्हणून अर्धा जीव दारात.
टाका चमकला.

बटण दाबलं. ट्रे आला, सगळा,
आणि त्यात डिस्क.

निळ्या मार्करनं लिहिलेलं: बेंद्रे व्हिडिओ, पद्मावती. ३१२.

हे तेव्हा म्हणाले होते, मी स्वतः देऊन आलो.
बेंद्रे म्हणाले होते, वहिनी, नुसतं कव्हर आलं.
आणि मी, चार गिऱ्हाइकांदेखत, काउंटरवर तळहात आपटून:
आमच्या घरात खोटं बोलत नाहीत.
त्यांनी डिपॉझिटचे तीनशे दोनदा मोजले,
माझ्यासमोर ठेवले, म्हणाले, बरं.
बरं. एवढंच.

ट्रे उघडत नाही हे ह्यांना तेव्हाच माहीत होतं का,
की खरंच विसरले,
की कव्हर हातात होतं म्हणून डिस्कही असणार असं वाटलं?
आतल्या खोलीत घोरणं चालू आहे. उठवलं नाही.

इअरबडला स्पिरिट लावून लेन्स पुसली,
बाळाच्या डोळ्यातली चिपडं काढावीत तशी.
डिस्क ओढणीनं पुसून आत सरकवली.
फिरली. चित्र आलं, आवाज मागून आला.
कुठला सिनेमा ते बघितलंच नाही,
बाहेर काढली, वर्तमानपत्रात गुंडाळली.
रिकामा ट्रे आत गेला:
नो डिस्क.
पहिल्यांदाच खरं.

बेंद्र्यांच्या जागी आता चष्म्याचं दुकान आहे.
ते अप्परला राहायला गेले म्हणतात, कुठली गल्ली, माहीत नाही.
दिवसाला पाच रुपये दंड होता.
कॅल्क्युलेटर घेतला, दोनदा आकडे घातले, मिटवले.

हे उठले. डोळे चोळत विचारतात, झाला का चालू?
मी म्हटलं, झाला.
दुसरा कपॅसिटर मुठीत आहे अजून.
उद्या अप्परची बस किती वाजता असते,
ते ह्यांनाच विचारणार आहे.